उष्टा पेला

सन्मतीच्या पहिल्याच शिबिरात असं सिद्ध झालं, की मिरजेतल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात लाळच नसते.

देवळामागच्या सभागृहात सकाळपासून रांग लागली होती. टेबलावर पांढऱ्या कागदी पेल्यांच्या उतरंडी रचल्या होत्या. पेल्यात दोन घोट पाणी. ते प्यायचं, पेला परत द्यायचा, की सन्मती त्याच्या बुडाला फोन टेकवणार. सुई नाही, रक्त नाही, कापसाचा बोळा दंडावर दाबून बसणं नाही. पेल्याच्या काठाला आतून काजळाची बोटं ओढल्यासारख्या काळ्या रेघा होत्या. त्यांना लाळ लागली, की अंगात साखर किती असावी याचा अंदाज फोनवर उमटायचा. निदान उमटायला हवा होता. फोन मात्र ज्याला त्याला एकच सांगत होता: नमुना नाही.

"बिघडलं सगळं," सन्मती पुटपुटली. तिचा चेहरा एवढासा झाला होता.

भिंतीशी खुर्ची टाकून चंपाक्का बसल्या होत्या. चंपाक्का मगदूम म्हणजे सन्मतीची आजी. मिरजेतल्या सगळ्यांत जुन्या वधूवर सूचक केंद्राच्या त्या मालकीण. वय चौऱ्याहत्तर, नाकावर जाड भिंगांचा चष्मा, आणि गावातल्या निम्म्या संसारांचं श्रेय नावावर. उरलेल्या निम्म्यांचं खापरही त्यांच्यावरच फुटायचं, पण ते त्या मनावर घेत नसत.

रांगेत आता त्यांचेच यजमान पुढे आले. आदगोंडा मगदूम, म्हणजे सगळ्यांचे अण्णा. अण्णांनी पेला घेतला, मान मागे टाकली, पेला कपाळाच्याही वर नेला आणि पाण्याची बारीक धार नेमकी घशात सोडली. ओठाला थेंब लागला नाही. मग रुमालानं पेल्याचा काठ पुसून त्यांनी तो मोठ्या अदबीनं नातीच्या हातात दिला.

चंपाक्कांना हसू फुटलं. "अगं पोरी, तुझं यंत्र शहाणं हाय. ही सगळी माणसं वरनं प्यायली की."

सन्मती बघत राहिली. ज्या घरात ती लहानाची मोठी झाली, त्या घरात अण्णा रोज असंच पाणी पीत. आईवडील नोकरीसाठी मस्कतला, ती आजी-आजोबांपाशी. इतकी वर्षं डोळ्यांसमोर असलेली धार तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

"अण्णा, तोंड लावून प्यायचं होतं," ती म्हणाली.

"आणि तुझ्या हातात उष्टा पेला द्यायचा? एवढी शिकलीस ती आजोबाचं उष्टं उचलायला?"

"उष्ट्यासाठीच तर पेला आहे हा."

रांगेतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग चंपाक्का उठल्या. सभागृहाच्या स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी आचाऱ्याला सोसवेल इतकं गरम पाणी करायला सांगितलं. गरम पाणी वरून कोण पिणार? घसा भाजायचा. दुपारपर्यंत सगळ्या मिरजेनं फुंकर मारत मारत पेल्याला ओठ लावले, आणि फोन भराभर बोलायला लागला. एक आजी उरलेला घोट नातवाला पाजून मोकळी झाली, तेव्हा फोननं आणखी एक वाक्य म्हणून दाखवलं: नमुना मिश्र. पेला बदला.

"दोन माणसांचे क्षार वेगवेगळे असतात," सन्मतीनं सांगितलं. "मेळ बसला नाही की त्याला कळतं, इथे दुसऱ्याचंही तोंड लागलंय. मग तो काहीच सांगत नाही."

"सभ्य आहे," अण्णा म्हणाले.

उष्टं हा शब्द अलीकडच्या मुलांना समजावून सांगावा लागतो. चंपाक्कांच्या लहानपणी तो न सांगता कळायचा. शाळेच्या पायरीवर एकच पेपरमिंट दोघींत वाटायचं, तर ते फ्रॉकच्या टोकात धरून चिमणीच्या दातांनी तोडायचं. मधे कापड आलं की उष्टं नाही. तोंड लागलेलं कुणाला द्यायचं नाही, कुणाचं घ्यायचं नाही. अपवाद फक्त मायेच्या माणसाचा. आईनं चाखून भरवलेला घास, भावंडांनी दोन बाजूंनी खाल्लेली कैरी. ज्याचं उष्टं आपण विचार न करता खातो ते आपलं माणूस, इतका सोपा हिशेब होता तो.

सन्मतीची कार्यशाळा स्टेशन रस्त्याला होती. तिथे पूर्वी लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं. लग्नपत्रिका फोनवर जायला लागल्या तसं दुकान बंद पडलं, आणि सन्मतीनं जाळीच्या चौकटींसकट ते भाड्यानं घेतलं. चंपाक्का एकदा डबा घेऊन गेल्या, तेव्हा नात काचेच्या बाटलीत काळं काहीतरी हलवत होती.

"हे काय, काजळ?"

"काजळाचंच चुलत भावंड. कंपाउंडला षटकोनी जाळी असते की नाही, तशी नुसत्या कार्बनच्या अणूंची जाळी. ती गुंडाळून नळी केली समज. केस आहे ना आपला, त्याच्या रुंदीत अशा हजारो नळ्या मावतील. आणि तांब्याच्या तारेतून जाते तशी त्यांच्यातून वीज जाते."

"मग शाई कशी होते?"

"तीच तर कटकट. शिजवलेल्या शेवया कशा एकमेकींना चिकटतात, तशा या नळ्यांचा गोळा होतो. म्हणून पाण्यात साबणासारखं एक द्रव्य घालायचं आणि कानाला ऐकू येत नाही इतक्या बारीक आवाजानं ते हलवायचं. नळ्या सुट्या होतात. मग थोडा डिंक घातला, की झाली शाई."

तिनं चौकटीच्या जाळीवर शाई ओतली, रबरी पट्टीनं ती एका दमात ओढली, आणि खालच्या कागदावर काळ्या रेघांच्या ओळीच्या ओळी उमटल्या. तो कागद तिनं बोटाभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. रेघेला तडा गेला नाही. म्हणूनच सपाट कागदावर छापून मग त्याचा पेला वळता येत होता.

"या रेघेवर विकराचा एक थेंब वाळवायचा. शाळेत शिकवतात ते, आपल्या पोटात अन्न फोडणारं. हे विकर फक्त साखरेला ओळखतं. साखर भेटली, की ते तिच्यातले इलेक्ट्रॉन सोडवून घेतं आणि नळ्या ते वाहून नेतात. जितकी साखर, तितकी वीज. लाळेत साखर अगदी नावाला असते, रक्तातल्या साखरेच्या शंभराव्या भागाइतकी. पण नळ्या इतक्या बारीक आणि इतक्या दाट, की एवढ्याशा रेघेत अख्खं पटांगण असतं. नावाला असलेली साखरही तिथे सापडते. पेल्याच्या बुडाला एक वेटोळं छापलंय, त्याला वाचण्यापुरती वीज फोनच देतो. सगळं मिळून खर्च चहाच्या घोटाइतका."

चंपाक्कांना त्यांच्या आईची तांब्याची वाटी आठवली. तुपाच्या ज्योतीवर ती पालथी धरायची, आत मखमलीसारखी काजळी धरायची. बोटानं ती निपटून सगळ्या पोरींच्या डोळ्यांत घालायची. म्हणजे कार्बन त्यांच्याही घरात होताच. त्यानं काही शोधायचं सोडून, लोकांनी आपल्याकडे बघावं म्हणून तो डोळ्यांत घालत होते, एवढंच.

सन्मतीला हे सगळं का सुचलं, ते घरातल्या तिघांनाच ठाऊक होतं. नऊ वर्षांची असताना तिला साखरेचा आजार निघाला होता, इन्शुलिनवाला. दिवसातून कितीदा तरी बोट टोचायचं आणि दर वेळी अण्णांनी तोंड फिरवायचं. आता तिच्या दंडावर तिच्याच शाईची एक मऊ पट्टी असे आणि ती पट्टी कमरेच्या छोट्या पंपाला हवं तेवढंच औषध सोडायला सांगे. पोर ठणठणीत होती. पण चंपाक्कांनी हे उंबऱ्याबाहेर जाऊ दिलं नव्हतं. मुलीची जात, लग्न व्हायचंय, असं त्या म्हणत.

आणि पेला केंद्रात आणायची कल्पना चंपाक्कांचीच.

झालं असं, की त्यांनी जमवलेल्या एका लग्नात नवरा मुलगा मुंडावळ्या बांधून मांडवामागे तंबाखूचा मावा चघळताना सापडला. मुलीच्या आईनं भर मांडवात चंपाक्कांना विचारलं, "अक्का, सुपारीच्या खांडाचंबी व्यसन नाही म्हणाला होतात की." त्या रात्री चंपाक्कांना झोप आली नाही. सकाळी त्यांनी नातीला विचारलं, "तंबाखूची रेघ छापता येईल काय?"

येत होती. तंबाखू पोटात गेली, की तिचा माग आठवडाभर लाळेत राहतो. सन्मतीनं दुसरी रेघ छापली. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात आधी पाणी देतातच. ते या पेल्यातून द्यायचं ठरलं. आधी पेला, मग पोहे.

काय धमाल उडाली त्या वर्षी. पहिल्याच आठवड्यात एका उमेदवारानं पेला बघितला आणि उपास आहे म्हणून सांगितलं. "पाण्याचा?" अण्णांनी विचारलं. दुसरा एक जण मावसभावाला आत पाठवून त्याच्याकडून पाणी पिऊन घ्यायच्या बेतात पकडला गेला. पण बहुतेक पोरांनी शहाणपणा केला. स्थळ बघायचं म्हटलं की आधी दोन महिने पुडी बंद. दोन महिने सुटलेली पुडी बऱ्याच जणांना पुन्हा आठवली नाही. कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं दुकानात सरबतं ठेवली आणि चंपाक्कांना वाटेत गाठून म्हणाला, "अक्का, तुम्ही माझा धंदा बुडवला, पण माझ्या पोरीसाठी एक पेलेवालं स्थळ बघा."

सांगली, जयसिंगपूर, चिकोडीहून माणसं यायला लागली. चंपाक्कांनी दारावर नवी पाटी लावली. पाटीवर पेल्याचं चित्र होतं.

मग मुलांच्या घरचे शहाणे झाले. आमच्या मुलानं प्यायचं, तर मुलीनंही प्यावं. आणि पेल्यात साखरेची रेघ आहेच की, तीही वाचू या. चंपाक्कांना नाही म्हणायला कारण सापडलं नाही. दोन्हीकडं सारखं माप, यात चूक काय? चूक कळली ती दानोळीच्या शिक्षकांची मुलगी परत जाताना. पेला साखरेची लक्षणं दाखवतोय म्हटल्यावर मुलाकडचे पोह्यांना हात न लावता उठले. मुलगी उंबऱ्यात चपला घालत होती. तिनं तो पेला चुरगाळून पर्समध्ये टाकला. पोह्यांच्या बशा तशाच निवत राहिल्या. अण्णा एक एक बशी आत नेताना म्हणाले, "पूर्वी निदान पोहे खाऊन नकार देत होते."



आणि पंधरा दिवसांनी रत्नाक्का चौगुल्यांचा फोन आला. कुरुंदवाडचं घर, माणसं नामांकित. भाचा अभिनंदन साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत. त्याची आई लहानपणीच गेलेली, या आत्यानं वाढवलेला. सन्मतीचं शिबिर कारखान्यावर झालं होतं तेव्हा दोघांची ओळख झाली. मग शाईत कोणता डिंक चालेल यावर दोन महिने निरोपांची देवघेव. आता डिंकाचं नाव कुणी काढत नव्हतं.

"रविवारी येतो," रत्नाक्का म्हणाल्या. "पेले आम्हीच आणू. तुमच्या केंद्राचेच, पण आमच्या हातचे. राग नको हं अक्का, तुमच्याकडनंच शिकलो."

चंपाक्कांनी फोन ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी सन्मतीचा चेहरा कुणाच्या नावानं असा उजळलेला बघितला नव्हता. ते स्थळ आता त्यांच्याच पेल्यावर फुटणार होतं.

"मी त्याला सांगणारच होते," सन्मती म्हणाली. "तूच म्हणालीस, आधी बघू दे, मग सांगू."

"तेच म्हणते अजून. माणूस गोडीत आला की पुढचं सोपं जातं. रविवारी तू वरनं पी."

"काय?"

"अण्णांसारखी. पाणी मी माठातलं गार देते. नमुना नाही म्हणंल फोन, आणि मी म्हणेन, आमच्यात वरनंच पितात. खोटं कुठं हाय त्यात?"

"आज्जी, अगं हे मी बनवलंय. खरं कळावं म्हणून बनवलंय."

"कळू दे की. लग्नानंतर."

सन्मती उठून गेली. पण शनिवारी सकाळी स्वयंपाकघरातून ठसक्याचा आवाज आला. चंपाक्कांनी डोकावून बघितलं, तर पोरगी मान मागे टाकून पेला वर धरून उभी होती, अर्धं पाणी नाकात आणि अर्धं ब्लाउजवर. शेजारी अण्णा. "कोपर वाकवू नको. धार आधी धर, मग गिळ," ते शिकवत होते. मग तेच थांबले आणि म्हणाले, "चंपा, हे मला सुईसारखं वाटायला लागलंय."

सुईची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. चंपाक्कांना बघायला अण्णांकडची माणसं आली, तो काळ रेडिओवर क्रिकेट ऐकायचा होता. मुलीला चालून दाखव, वाचून दाखव असं सांगत. मग अण्णांच्या मामांनी खिशातून सुई काढली. दोरा ओवायचा. नजर बघायची ती रीत. चंपाला लांबचं धूसर दिसायचं आणि जवळचं त्याहून धूसर, पण चष्मा आईनं धान्याच्या कणगीत लपवला होता. चष्म्याच्या मुलीला कोण करणार? तिनं दोरा ओला केला, एकदा ओवला, पुन्हा ओवला. दोरा सुईच्या नेढ्याच्या अल्याड नाहीतर पल्याड. हात थरथरायला लागला. तेव्हा ओसरीवर खाली मान घालून बसायचं सोडून अण्णा उठले, तिच्या हातातली सुई घेतली, उजेडाकडे धरून नीट निरखली, आणि म्हणाले, "मामा, या सुईला नेढंच नाही."

सुई खिशात घालून ते जागेवर जाऊन बसले. लग्नानंतर चौथ्या दिवशी त्यांनी तिला मिरजेला नेऊन चष्मा केला. सुई अजून शिवणाच्या डब्यात होती. नेढं चांगलं ठसठशीत होतं.

रविवारी चारला पाहुणे आले. रत्नाक्का काठपदराच्या साडीत, ताठ, बोलायला मोकळ्या. अभिनंदन उंच, सावळा, बसल्या बसल्या गुडघा हलवणारा. यंदा उसाला साखरेचा उतारा किती पडतो या विषयावर अण्णांनी त्याला घेतलं, तो आनंदानं बोलत राहिला, मात्र डोळे आतल्या दाराकडे.

"कांदेपोहे आहेत," चंपाक्का म्हणाल्या, "फक्त कांदा नाही."

"आमच्याकडंबी तसलेच," रत्नाक्का हसल्या. "आमच्या जैनांचे पोहे नावापुरते कांद्याचे. पण आधी पेला, मग पोहे. तुमचाच नियम, अक्का."

पर्समधून पेले निघाले. आधी अभिनंदन प्यायला. आत्यानं फोन टेकवून मोठ्यानं वाचलं, "साखर बेताची. तंबाखू नाही."

"साखर कारखान्यात असून साखर बेताची," अण्णा म्हणाले. "कामात लक्ष नाही वाटतं."

सगळे हसले. मग सन्मती आली. मोरपंखी साडी, आजीनं सांगून घातलेल्या लांब बाह्या. दंडावरची पट्टी दिसत नव्हती. चंपाक्कांनी माठातलं गार पाणी पेल्यात ओतून तिच्या हातात दिलं. सन्मतीनं एकदा आजीकडे बघितलं. मग मान मागे टाकली आणि पेला वर नेला.

तिचा हात थरथरत होता.

चंपाक्कांना जाड भिंगांतूनही तो स्पष्ट दिसला. पेल्याच्या काठाशी पाणी आलं होतं, आता धार सुटणार, इतक्यात त्यांना ओसरी दिसली. ओला दोरा दिसला. सुई पुढे करणारा हात आज रत्नाक्कांचा नव्हता, मामांचाही नव्हता. तो त्यांचा स्वतःचाच होता; त्याच हातानं त्यांनी दारावर पेल्याची पाटी लावली होती.

"सन्मती," त्या म्हणाल्या, "खाली घे. तोंड लावून पी."

सन्मतीनं पेला खाली घेतला.

"रत्नाक्का, हिला साखर आहे. नवव्या वर्षापासून, इन्शुलिनवाली. हिला सांगायचं होतं, मीच तोंड धरलं हिचं. वरनं प्यायलाही मीच शिकवलं."

"मी शिकवलं," अण्णा म्हणाले. "हिला येतंय कुठं."

रत्नाक्कांनी पर्स मांडीवर घेतली. "अक्का, लोकांच्या पोरांचा मावा तुम्ही चारचौघांत उघडा केलात. आणि घरचं झाकलंत?"

"झाकलं. दोन्ही चुकलं," चंपाक्का म्हणाल्या. "लोकांच्या पोरींना मीच या पेल्यापुढं उभं केलं. आज माझी उभी राहिली तेव्हा दिसलं. तुम्ही उठलात तर माझा राग नाही. पण पोहे खाऊन उठा."

सन्मतीनं तेवढ्यात पेला ओठाला लावला होता. दोन घोट ती सावकाश प्यायली, अर्धं पाणी उरलं, आणि तिनं पेला टेबलावर ठेवला, रत्नाक्कांच्या फोनशेजारी. आता तिचा हात स्थिर होता.

"वाचा ना," ती म्हणाली. "आज सकाळी जिलबी खाल्ली नाही, आकडा चांगला येईल."

रत्नाक्कांनी फोन उचलला. पण पेला जागेवर नव्हता. तो अभिनंदनच्या हातात होता.

"आत्या, मी दिवसभर साखरच मोजतो," तो म्हणाला. "किती आहे ते रोज कळत असलं, की तिची भीती नसते. न मोजणाऱ्यांची असते." आणि उरलेलं पाणी त्यानं त्याच काठाला ओठ लावून, शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकलं.

लग्नाआधी, चारचौघांत, मुलीचं उष्टं पाणी. सन्मती कानापर्यंत लाल झाली. रत्नाक्कांनी सवयीनं रिकामा पेला ओढून घेतला आणि फोन टेकवला.

"नमुना मिश्र," त्यांनी वाचलं. "पेला बदला." पुन्हा टेकवला. "नमुना मिश्र. आता हे काय म्हणायचं?"

अण्णा उठले. पेला हातात घेतला, खिडकीच्या उजेडाकडे धरला, एक डोळा मिटून नीट निरखला.

"रत्नाक्का," ते म्हणाले, "या पेल्याला नेढंच नाही."

चंपाक्कांच्या तोंडाला पदर गेला. रत्नाक्कांना काही कळेना, म्हणून सन्मतीनं त्यांना सुईची गोष्ट सांगितली. मधे मधे अण्णा दुरुस्त्या करत होते. गोष्ट संपेपर्यंत रत्नाक्कांचं तोंड हळूहळू सैल झालं. शेवटी त्या भाच्याकडे वळल्या. "लहानपणी माझ्या ताटातलंसुद्धा खात नव्हतास रे. वेगळी वाटी लागायची."

"तुझं तिखट असायचं," अभिनंदन म्हणाला.

"बस. बस खाली." त्यांनी पर्स जमिनीवर ठेवली. "पोहे आणा अक्का. निवाले असतील तर गरम करून आणा. आणि पोरी, तो आकडा मला एकटीला सांग नंतर. काळजीपोटी विचारते हं, पसंतीपोटी नाही."

दुसऱ्या दिवशी चंपाक्कांनी दारावरची पाटी स्वतः उतरवली आणि दानोळीला जाऊन शिक्षकांच्या घरी पोहे खाऊन आल्या. त्या मुलीचं पुढे छान जमलं, पण ती वेगळी गोष्ट. सन्मतीनं पेल्याच्या वेटोळ्यात बदल केला. आता जो प्यायला त्याच्याच फोनला पेला बोलतो, शेजारच्याला दाद देत नाही. शिबिरं चालू आहेत. पाणी गरमच देतात.

मात्र माणसांचं काही सांगता येत नाही. मगदुमांच्या घरात काय घडलं ते कृष्णेच्या दोन्ही काठांना आठवड्यात पसरलं. महिन्याभरानं केंद्रात एक मुलगा-मुलगी आली, एकमेकांना पसंत. मुलीच्या काकूनं विचारलं, "अक्का, तो एक पेला करतात, तो करू या?" दोघं एकाच पेल्यातून प्यायली, काकूनं मुलीचा फोन टेकवला, "नमुना मिश्र" असं उमटलं आणि सगळ्यांनी साखर वाटली. तिथून ती रीतच पडली. काही हौशी लोकांनी तर लग्नपत्रिकेवर देवाच्या नावाखाली बारीक अक्षरात छापलं, नमुना मिश्र. सन्मती कपाळाला हात लावते. शास्त्रज्ञांनी चूक म्हणून घातलेलं वाक्य असं शुभ ठरलेलं तिनं कुठं वाचलं नव्हतं.

तिचं लग्न माघात झालं. संध्याकाळी मांडव रिकामा होत आला. ऊन शेवटच्या खांबावर चढलं होतं. अण्णा दिवसभराच्या उठबशीनं थकून चंपाक्कांशेजारच्या खुर्चीत टेकले. दिवस मावळल्यावर ते पाणी घेत नसत, जन्माचा नेम.

"पाणी आहे काय गं?"

चंपाक्कांनी इकडेतिकडे बघितलं. पिंपं उपडी घालून झाली होती, आचारी भांडी गाडीत चढवत होता. त्यांच्या स्वतःच्या हातात तेवढा सन्मतीच्या रेघांचा अर्धा भरलेला पेला होता. "आणवते कुणाकडून तरी."

अण्णांनी खांबावरच्या उन्हाकडे बघितलं. ते आता वीतभरच उरलं होतं. त्यांनी हात पुढे केला, पेला घेतला, सवयीनं कपाळापर्यंत नेला. तिथे क्षणभर थांबले. मग खाली आणला आणि काठाला ओठ लावून सावकाश प्यायले.

सासरी निघालेली सन्मती पाया पडायला आली होती. तिनं बघितलं आणि अण्णांच्या हातातल्या पेल्याच्या बुडाला हळूच आजीचा फोन टेकवला आणि पडदा दोघांपुढे धरला.

चंपाक्कांनी चष्मा वर सारून वाचलं. "नमुना मिश्र. पेला बदला."

"बदलायचा का?" अण्णांनी विचारलं.

"राहू दे आता," चंपाक्का म्हणाल्या. "चांगला लागलाय."